किल्ला ते चर्च, पन्नास मिनिटे

"जगातली सगळी थोर कामं बसून झालेली आहेत," असं अण्णांनी जाहीर केलं तेव्हा त्यांचे दोन्ही पाय गरम पाण्याच्या घमेल्यात होते. सकाळी ते पेपर आणायला दोन मजले उतरले होते आणि, जास्त गंभीर गोष्ट म्हणजे, तेच दोन मजले चढून परत आले होते.

पण विधान अगदीच हवेतलं नव्हतं. नगरपालिकेच्या नकाशा विभागात अण्णा चौतीस वर्षं बसले होते. नुसते बसले नव्हते, मन लावून बसले होते. आसपासची एकूण एक टेकडी, ओढा, पायवाट त्यांनी टेबलावरून पाहिली होती. नदीला कुठे किती वळणं आहेत हे ते झोपेतून उठवलं तरी सांगत. नदीचं पाणी गार असतं की कोमट, असं विचारलं तर मात्र म्हणत, "तो विषय आमच्या विभागाकडे नाही."

या चौतीस वर्षांत अण्णांनी हजारो कागदांवर सह्या केल्या. पण प्रत्येक सहीच्या आधी 'करिता' हा शब्द असे, आणि सही ज्याच्याकरिता असे तो साहेब नाव लावून मोकळा होई. अण्णांचं स्वतःचं, पूर्ण, करिता-बिरिता नसलेलं नाव जगात एकाच ठिकाणी होतं. टेकडीवरच्या किल्ल्याच्या दरवाजात एक हिरवी पाटी होती, तिच्यावर. पाटीवर लिहिलं होतं:

'किल्ला ते चर्च. नदीकाठची रमणीय वाट. अंतर साडेतीन किलोमीटर. वेळ पन्नास मिनिटे. वाट सुखद उताराची असून नदी आपल्या डाव्या हाताला खळखळत साथ करते.'

आणि खाली कोपऱ्यात 'मोजणी' असं लिहून पुढे अण्णांचं नाव, वडिलांच्या नावासकट.

पाहुणे आले की अण्णा त्यांना बसने किल्ल्यावर नेत, पाटीसमोर उभे करत आणि स्वतः जरा लांब, दुसरीकडे बघत उभे राहत. पाहुण्यांना खालची ओळ दिसेपर्यंत ते तसेच उभे राहत. एकदा एका चुलतसाडूला चष्मा विसरल्यामुळे ती दिसेना, तेव्हा चाळीस मिनिटं उभे होते. मग त्याच बसने सगळे परत येत. ती वाट चालायची असते, हे अण्णांच्या कधी डोक्यात आलं नव्हतं. ती मोजायची असते, आणि ती मोजून झालेली होती.

तर पाय घमेल्यात असतानाच पत्र आलं. एका महिला वाटसरूने तक्रार केली होती, की सदर वाटेला पन्नास मिनिटं नव्हे तर अडीच तास लागतात, आणि परतीची बस चुकते. त्या अनुषंगाने येत्या रविवारी सकाळी दहा वाजता पडताळणी ठेवली आहे. वेळ चुकीची आढळल्यास पाटी काढण्यात येईल, व नवीन पाटीवर नियमाप्रमाणे 'जो मोजेल त्याचे नाव' येईल. तसेच मूळ मोजणीकार हयात असल्यास त्याने पडताळणीत स्वतः चालून दाखवावे.

"हयात असल्यास," अण्णा पुन्हा वाचून म्हणाले. "म्हणजे यांची तशी अपेक्षा दिसत नाही."

"नियम कुणाचा आहे हा, चालून दाखवण्याचा?" बायकोने विचारलं.

अण्णांनी पत्राची घडी घातली. नियम त्यांचाच होता. वीस वर्षांपूर्वी शेजारच्या टेबलावरच्या एका लठ्ठ सहकाऱ्याला धडा शिकवायला म्हणून त्यांनी तो मसुद्यात हळूच घुसडला होता. सहकारी बदली घेऊन निघून गेला. नियम मागे राहिला.

दुसऱ्या दिवशी अण्णा कार्यालयात गेले. चौतीस वर्षं ज्या दारातून मान डोलावत आत जायचं, त्याच दारात त्यांना अभ्यागत अर्ज भरायला लावला. अर्जाचा नमुनाही त्यांनीच आखलेला होता. लोक फार पाल्हाळ लावतात म्हणून 'कामाचे स्वरूप' या रकान्याला त्यांनी एवढीच जागा ठेवली होती, की तिच्यात जेमतेम 'काम' हा शब्द मावावा. अण्णांनी 'काम' लिहिलं. खिडकीतला कारकून म्हणाला, "स्वरूप लिहा." अण्णा म्हणाले, "जागा नाही." कारकून म्हणाला, "ते बाहेरच्यांना कळत नाही हो, पण त्यामागे काहीतरी विचार असतो."

आत त्यांच्या खुर्चीवर एक तरुण बाई बसल्या होत्या. पडताळणी अधिकारी त्याच. त्यांनी उठून अण्णांना खुर्ची दिली आणि 'सर' म्हटलं. भांडायला आलेल्या माणसाला कुणी खुर्ची दिली आणि सर म्हटलं की त्याचं निम्मं अवसान तिथेच गळतं.

"बाई, हल्ली फोनवरसुद्धा अंतर दिसतं म्हणतात," अण्णा म्हणाले. "चालायची गरज काय?"

"दिसतं सर. पण नियम फोनच्या आधीचा आहे. त्यात मोजणीचं चाक म्हटलंय, नाहीतर पाऊल." त्या हसल्या. "फार काटेकोर लिहिलाय कुणीतरी."

तक्रार कुणाची, ते त्यांनी सांगितलं नाही. तक्रारदाराचं नाव गुप्त ठेवायचं आणि सात दिवसांत कार्यवाही करायची, हेही नियमातच होतं. तो कुणी लिहिला, हे विचारण्याची अण्णांना आता भीती वाटू लागली होती.

बातमी इमारतीत पसरायला एक जिना पुरला. वरच्या मजल्यावरचे निवृत्त ड्रिलमास्तर त्याच संध्याकाळी शिट्टी गळ्यात घालून हजर झाले.

"अण्णा, चालणं पायांत नसतं, फुप्फुसात असतं," त्यांनी सांगितलं. "आणि पाणी. दर दहा मिनिटांनी चार घोट. मी येतो बरोबर, साक्षीदार म्हणून."

औषधाच्या दुकानदाराने गुडघ्याला पट्टा सुचवला. दूधवाल्याने पट्टा अजिबात नको म्हटलं, कारण त्याच्या सासऱ्यांनी लावला आणि पुढे ते गेले. कशाने गेले असं विचारल्यावर म्हणाला, "गावाला गेले. पण पट्टा इथेच विसरले." अण्णा चार दिवस जिन्यावरून वर-खाली करत होते आणि मनात पायऱ्या मोजत होते. ही त्यांची जुनी खोड. काहीही मोजता येण्यासारखं समोर आलं की ते मोजल्याशिवाय त्यांना राहवत नसे. लग्नातसुद्धा हार घालताना त्यांनी फुलं मोजली होती. बायकोच्या हारात नऊ कमी भरली, हे ते अजून तिला सांगत.

रविवार उजाडला. जुन्या ट्रॅकपँटीची कंबर सैल झाली होती, म्हणून बायको शिवणाचा डबा घेऊन तिच्यात नवं इलॅस्टिक ओवत बसली.

"हे चपटं मिळालं," ती म्हणाली. "गोल, बारीक, पांढरं होतं ते रीळ छान होतं. ते तुम्ही ऑफिसात नेलंत, ते परत आणलंच नाहीत."

"मी इलॅस्टिक कशाला नेईन? मी दोरा नेला होता. नदी मोजायला."

"दोरा नव्हता तो. इलॅस्टिक होतं. दिसायला दोऱ्यासारखंच दिसायचं."

अण्णांच्या हातातला कप बशीत जरा जोरातच बसला. तो दिवस त्यांना लख्ख आठवला. नकाशा भिंतीवर. नदीच्या प्रत्येक वळणाला टाचणी. आणि टाचण्यांमधून त्यांनी तो दोरा ताठ, छान ताठ, ओढून ओढून बसवला होता. मग टाचण्या काढल्या, दोरा सोडला, आणि पट्टीवर निवांत पसरून मोजला. साडेतीन किलोमीटर. तेव्हा साहेब म्हणालाही होता, "नदी मोठी वाटते हो दिसायला." अण्णा म्हणाले होते, "साहेब, दिसण्यावर जाऊ नये."

"किती ताणतं ते?" त्यांनी हळूच विचारलं.

बायकोने डब्यातला एक तुकडा घेऊन ओढून दाखवला. तो दुपटीच्या आसपास गेला.

"मी बसने सरळ चर्चवर येते, चहा घेऊन," ती म्हणाली. "पन्नास मिनिटांत पोचाल ना? मग छोटा थर्मास पुरेल." आणि तिने मोठा थर्मास काढून धुवायला घेतला.

दहाच्या ठोक्याला तिघं किल्ल्याच्या दरवाजात उभे होते. अधिकारीबाईंच्या हातात लांब दांड्याचं चाक होतं, ते दर मीटरला 'टक' असा आवाज करत असे. अण्णांनी पाटीकडे एकदा बघून घेतलं. नाव जागेवर होतं.

"निघायचं सर?"

टक.

सुखद उताराची म्हणून जी वाट पाटीवर होती ती सुरुवातीलाच वर चढली. नकाशावर किल्ला वर असतो आणि चर्च खाली, त्यामुळे अण्णांनी उतार धरला होता. मधे एक आडवा डोंगर उठला होता, त्याची कल्पना त्यांना टेबलावर आली नव्हती. चढाच्या माथ्यावर पोचेपर्यंत त्यांच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज येऊ लागला. मागून ड्रिलमास्तरांची खरी शिट्टी वाजत होती. अण्णा मात्र मनात मोजत होते. आठशे बारा, आठशे तेरा.

"पाणी," ड्रिलमास्तर म्हणाले. "चार घोट."

माथ्यावरून नदी दिसली. उजव्या हाताला.

अधिकारीबाई थांबल्या. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते अण्णांना उलटं दिसलं, पण शब्द लहान होता आणि त्याखाली रेघ होती.

"चर्चकडून येणाऱ्याला डावीकडे पडते," अण्णा म्हणाले.

"पण पाटी किल्ल्यावर आहे सर."

"आपण उलटं तोंड करून चालू," ड्रिलमास्तरांनी सुचवलं. "आम्ही शाळेत अर्धा मैल उलटं चालवायचो पोरांना."

"आणि मग?"

"मग ती पडायची."

टक, टक, टक. त्या आवाजाने अण्णांना पछाडलं होतं. तो थांबवता येत नव्हता, आणि प्रत्येक टक साडेतीन हजाराच्या दिशेने चालला होता. साडेतीन हजार झाले आणि चर्च आलं नाही, की संपलं. पाटी उतरेल, आणि नव्या पाटीवर या सालस, सर म्हणणाऱ्या बाईचं नाव येईल. पाहुण्यांना घेऊन जायचं कुठे, आणि दुसरीकडे बघत उभं राहायचं कुणासाठी?

वाट खरोखर सुंदर होती, हे सांगायला हवं. वाकलेली झाडं, पाण्यावर कवडसे, दगडावर ऊन खात बसलेला एक पक्षी. अण्णांनी यातलं काहीच पाहिलं नाही. त्यांना फक्त एवढंच दिसत होतं की नदी वळते आहे. नकाशावर जे वळण नखाएवढं होतं त्याला बारा मिनिटं लागली.

जुन्या पाणचक्कीपाशी अधिकारीबाईंनी घड्याळ पाहिलं. "सर, पन्नास मिनिटं झाली. चाकावर दोन हजार सहाशे चाळीस." त्यांचा आवाज इतका मऊ होता की दवाखान्यात ऐकल्यासारखा वाटला. "नियमात दहा मिनिटं सूट आहे."

चर्चचा मनोरा दिसत होता. पलीकडच्या काठावर, अगदी समोर, हाकेच्या अंतरावर. नदी मात्र तिथून पाठ फिरवून भलतीकडे निघाली होती. अण्णांच्या डोळ्यांसमोर नकाशा उभा राहिला. पाणचक्कीजवळ तुटक रेषा. दगडांवरून नदी ओलांडायची जागा. पलीकडे गेलं की मोठं वळण टळतं. दहा मिनिटं पुरली असती.

"इथून वाट आहे," ते म्हणाले आणि पहिल्या दगडावर उतरले.

"सर, पाटीवर ही वाट नाही."

"नकाशात आहे."

नकाशात होती, पण नकाशा अण्णांच्या वडिलांच्या तरुणपणचा होता. पहिला दगड होता. दुसरा होता. तिसरा जरा हलला. चौथ्यावर अण्णा दोन्ही पाय जुळवून, हात पसरून उभे राहिले आणि पाचव्याकडे पाहिलं. पाचवा नव्हता. त्याच्या जागी काळं, वेगाने जाणारं पाणी होतं. त्यांना कळलं की नदीचं पाणी गार असतं.

नेमका तेव्हाच वरच्या बाजूने भोंगा वाजला. लांब, खालच्या पट्टीतला.

"हा कसला भोंगा?" अधिकारीबाई ओरडल्या.

अण्णांना माहीत होतं. रोज अकरा वाजता वरच्या धरणातून पाणी सोडतात. ती सूचना पाटीच्या मूळ मजकुरात होती. पण सगळं एका पाटीत बसेना, काहीतरी काढणं भाग होतं, आणि शेवटची ओळ त्यांच्या नावाची होती.

"मागे फिरा अण्णा," ड्रिलमास्तर काठावरून म्हणाले. त्यांनी शिट्टी वाजवली नाही. त्यावरून प्रसंग खरा आहे हे अण्णांना समजलं.

मागे फिरायला आधी वळायला हवं होतं, आणि दगड ताटाएवढा होता. पाणी बुटाच्या तळाला लागलं. मग लेसला. पन्नास मिनिटं, साडेतीन किलोमीटर, पाटी, नाव, सगळं डोक्यातून गेलं आणि एकच विचार उरला, की घरी मोठा थर्मास धुतला गेला होता आणि कुणीतरी त्याच्याजवळ बसून वाट बघत असेल.

"सर, धरा."

त्या बाई दुसऱ्या दगडावर आल्या होत्या. गुडघ्यापर्यंत भिजलेल्या. त्यांनी चाकाचा लांब दांडा पुढे केला. चाकाची बाजू अण्णांच्या हाती आली, आणि त्यांनी ती दोन्ही हातांनी अशी धरली की आतापर्यंत कुठल्याही मापाला त्यांनी एवढं घट्ट धरलं नव्हतं. तिसरा दगड. दुसरा. ड्रिलमास्तरांनी कॉलर पकडून दोघांना काठावर ओढलं. त्या गडबडीत चाक सुटलं. ते एकदा वर आलं, प्रवाहात सरळ उभं राहिलं आणि गरगरत, मीटरमागून मीटर मोजत, वळणाआड दिसेनासं झालं.

दगड पाण्याखाली गेले होते.

"पाणी," थोड्या वेळाने ड्रिलमास्तर सवयीने म्हणाले. "चार घोट." अण्णा निमूटपणे प्यायले.

अधिकारीबाईंनी वही काढली. ती कोरडी होती. "मोजणी अपुरी. पुन्हा घ्यावी लागेल, नवं चाक आल्यावर. तोवर पाटी आहे तशी राहील."

ड्रिलमास्तरांनी अण्णांना कोपर मारलं. चाक यायला आधी मागणीपत्र, मग शेरा, मग दुसरा शेरा. तीन वर्षं तरी कुठे गेली नाहीत. अण्णांनी मान खाली घातली. ओल्या बुटांकडे बघितलं.

"तीन हजार सातशे एकाहत्तर," ते म्हणाले.

"काय सर?"

"पावलं. किल्ल्यापासून पाणचक्कीपर्यंत. दगडांवरची आठ धरली नाहीत, चार जाताना आणि चार येताना."

बाईंनी वहीत भागाकार केला. मग पुन्हा केला. "दोन हजार सहाशे चाळीसला बरोबर सत्तर सेंटिमीटरचं पाऊल पडतं. सर, चढावरसुद्धा?"

"चढावर मला दुसरं काही सुचतच नव्हतं."

"नियमात 'चाक, नाहीतर पाऊल' आहे," त्या सावकाश म्हणाल्या. "पुढे मोजाल?"

ड्रिलमास्तरांनी दुसरं कोपर मारलं. अण्णांनी ते मोजलं नाही.

सव्वा तास ते चालले. बूट पचपचत होते, चपटं इलॅस्टिक ओलं होऊन कंबरेला चावत होतं, आणि दर दहा मिनिटांनी चार घोट चालूच होते, त्याचे परिणाम आता तिघांच्याही चेहऱ्यावर दिसू लागले होते. अण्णांचे फक्त ओठ हलत होते. मधे एकदा त्यांना वाटलं, हजारभर पावलं गिळली तर कुणाला कळणार आहे. त्या विचारात एक पाऊल मोजायचं राहिलं. ते मागे आले आणि पुन्हा टाकलं.

पूल ओलांडून चर्चच्या दारात पोचले तेव्हा बारा पंचवीस झाले होते. साडेबाराला दार बंद व्हायचं. रखवालदार पायरी झाडत होता. तिघांना नुसतं बघितल्याबरोबर, कुणी काही विचारायच्या आत, तो "नाही" म्हणाला आणि पुन्हा झाडू लागला.

आत शेवटच्या बाकावर बायको बसली होती. शेजारी मोठा थर्मास आणि टॉवेल. टॉवेल कशाला आणला, असं अण्णांनी विचारलं नाही.

"नऊ हजार सहाशे त्रेचाळीस," ते उभ्याउभ्याच म्हणाले. "पावणेसात किलोमीटर. दोन तास पंचवीस मिनिटं. नदी उजवीकडे. अकराला पाणी सोडतात. आणि बाई, लिहून घ्या, मूळ मोजणी इलॅस्टिकने झाली होती."

बाईंनी लिहून घेतलं. इलॅस्टिकपाशी त्यांचं पेन क्षणभर थांबलं, पण त्या हसल्या नाहीत. अण्णांनी ते आयुष्यभर लक्षात ठेवलं.

"त्या तक्रार करणाऱ्या बाईंचं बरोबर होतं," ते बाकावर बसत म्हणाले. "भेटल्या तर माफी मागेन."

"राहू दे," बायको कपात चहा ओतत म्हणाली. "ताईबरोबर गेले होते मी. बस चुकली आमची. घरी येऊन तुम्हाला तीनदा सांगितलं, तुम्ही म्हणालात, तुमची चाल मंद. घरात कुणी ऐकत नाही. ऑफिसात सात दिवसांत उत्तर द्यावं लागतं."

अण्णांनी कप हातात घेतला आणि आधी तिच्याच पुढे धरला.

"मग पाटी उतरणार," ते म्हणाले.

"उतरणार सर," अधिकारीबाई म्हणाल्या. "नवी लागणार. नियमाप्रमाणे जो मोजेल त्याचं नाव." त्यांनी वही उलटी करून अण्णांपुढे धरली. "इथे सही करा. 'करिता' लिहू नका."

अण्णांनी चष्मा पुसला. दोनदा पुसला. वडिलांच्या नावासकट सही केली. चर्चमध्ये अगदी शांत होतं. काचेतून रंगीत ऊन बाकावर पडलं होतं, आणि अण्णांना पहिल्यांदाच वाटलं की थोर काम चालूनही होतं.

मागे झाडूचा आवाज थांबला. रखवालदार दाराची किल्ली हातात घेऊन जवळ आला होता.

"नवी पाटी करताय म्हणे," तो म्हणाला. "मग एक ओळ तेवढी घाला साहेब. अकरा वर्षं झाली, जो तो इथवर येतो आणि एकच विचारतो. 'चर्चमध्ये संडास नाही' एवढं लिहा, ठळक. आणि अगदी तुमच्या नावाला लागून लिहा. लोक शेवटचंच वाचतात."